तुमच्या घराचं निशाण कोणतं?

एप्रिल-मे महिन्यांत आमच्या रत्नागिरीत कुठल्याही वाडीत शिरलात तर एक आवाज हमखास ऐकू येतो. ठक् ठक् ठक्! आंब्याच्या पेट्यांना खिळे ठोकायचं काम चाललेलं असतं. आता बऱ्याच ठिकाणी पुठ्ठ्याचे खोके आले आहेत, पण लाकडी पेटीचा थाट काही वेगळाच. पेटी भरून झाली की बागायतदार तिच्यावर आपला मार्का उठवतो. कुणाचं सबंध नाव, कुणाची गोलात बसवलेली दोन अक्षरं, तर कुणाचं छोटंसं चित्र. पत्र्यात अक्षरं कापलेली असतात. पत्रा पेटीवर ठेवायचा, वरून रंगाचा ब्रश फिरवायचा, की झालं काम!

पण हा मार्का कशासाठी बरं? ट्रक रात्री निघतो आणि नवी मुंबईत वाशीच्या बाजारात जाऊन उभा राहतो. तिथे किती तरी बागांच्या पेट्या एकमेकींवर रचलेल्या असतात. सगळ्या पेट्या एकसारख्याच दिसतात. माल उतरवणाऱ्याला भलती घाई असते. तो काही प्रत्येक पेटी उघडून बघत बसत नाही. तो मार्का बघतो आणि पेटी ज्या गाळ्यावर जायची तिथे नेऊन टाकतो. घेणाराही मार्क्यावरून आठवतो, ‘या बागेचा माल गेल्या साली चोख होता.’ किंवा आठवतो, ‘या पेटीत वरच्या थरातच मोठे आंबे होते हं!’ म्हणजे बघा, त्या वीतभर रंगात एका घराची अब्रू असते.

गर्दीत आपला माणूस, आपली वस्तू लांबून ओळखता यावी, एवढ्या साध्या गरजेतून जगात पुष्कळ मोठमोठ्या गोष्टी निघाल्या आहेत. आज मी त्यांतल्याच एका गोष्टीबद्दल सांगणार आहे, ती म्हणजे घराण्याचं चिन्ह, अर्थात कुलचिन्ह.

लोखंडी टोपाआडचा माणूस

युरोपात सुमारे साडेआठशे-नऊशे वर्षांपूर्वी लढणारे सरदार अंगभर चिलखत घालू लागले. डोक्यावर लोखंडी टोप असे आणि पुढेपुढे तर तो सगळा चेहराच झाकू लागला. आता पंचाईत अशी, की समोरून घोडा फेकत येणारा स्वार आपला की शत्रूचा, हे कळायचं कसं? मग त्यांनी ढालींवर ठळक चित्रं रंगवायला सुरुवात केली. निळ्यावर सोनेरी सिंह, लाल रंगावर पांढरा पट्टा, असं काहीबाही. तेच चित्र चिलखतावर घालायच्या कापडी डगल्यावरही असे. म्हणून इंग्रजीत अशा चिन्हाला ‘कोट ऑफ आर्म्स’ असं नाव पडलं. यातला कोट म्हणजे खरोखरीचाच डगला बरं का!

चिन्हं वाढली तशी भांडणंही वाढली. ‘हा सिंह माझा आहे, तू का काढलास?’ मग नोंदी ठेवणारे लोक आले. लंडनमध्ये 1484 साली त्यांची रीतसर कचेरी स्थापन झाली आणि ती आजही चालू आहे. त्या लोकांनी नियमही बांधून दिले. त्यातला एक तुमच्या चित्रकलेच्या तासाला फार उपयोगी पडेल. सोनेरी किंवा रुपेरी रंगावर सोनेरी-रुपेरी आकृती काढायची नाही आणि गडद रंगावर गडद आकृती काढायची नाही. फिक्यावर गडद किंवा गडदावर फिकं. कारण काय, तर धुळीतून, धावत्या घोड्यावरून चित्र दिसलं पाहिजे. एस.टी.च्या पाट्या रंगवणाऱ्यालाही हे शिकवावं लागत नाही, त्याला ते ठाऊकच असतं.

आणखी एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये असं चिन्ह आडनावाचं नसतं, माणसाचं असतं. ते त्याला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. आडनाव सारखं असलं म्हणून शेजाऱ्याला ते लावता येत नाही. म्हणून ‘तुमच्या आडनावाचं प्राचीन कुलचिन्ह आम्ही शोधून देतो’ असं सांगून छापील चित्र विकणारे जे दुकानदार असतात, त्यांच्यापासून चार हात दूर राहावं. पालकांनो, हे मुद्दाम तुमच्यासाठी!

आपल्याकडे मांडवाच्या खांबाला

आता तुम्ही म्हणाल, ‘बाई, हे सगळं साहेबाच्या देशातलं झालं. आपल्याकडे काय?’

आपल्याकडे देवक आहे की! घरात लग्न किंवा मुंज निघाली की मोठी माणसं ‘देवक बसवायचं आहे’ म्हणतात ते तुम्ही ऐकलं असेल. प्रत्येक समाजात त्याची रीत वेगळी. पण महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत देवक म्हणजे त्या कुळाची ठरलेली खूण असते. कुणाचं देवक कळंबाची डहाळी, कुणाचं उंबर, कुणाचं वड. कुणाचं पाचपालवी, म्हणजे पाच झाडांची पानं. मोरे घराण्यात मोराचं पीस, तर साळुंख्यांच्या काही घरांत साळुंकी पक्ष्याचं पीस. नावाशी कसं जुळतं बघा! आपल्याकडच्या चालीरीतींची माहिती गोळा करणाऱ्या अभ्यासकांनी शंभर वर्षांपूर्वी अशा देवकांच्या लांबलचक याद्या करून ठेवल्या आहेत. ज्या घरांचं देवक एक, ती माणसं भाऊबंद, त्यांच्यात लग्नं होत नाहीत, असा संकेत. आणि आपलं देवक असलेलं झाड तोडायचं नाही, असंही पुष्कळ ठिकाणी पाळतात.

म्हणजे युरोपातल्या सरदाराची खूण लढाईसाठी होती आणि आपली मंगलकार्यासाठी. त्याची ढालीवर, तर आपली मांडवात. रंगाचा डबा नको की कचेरीत नोंद नको. सकाळी कुणी तरी जाऊन डहाळी घेऊन यायचं. मला विचाराल तर हे त्यांच्यापेक्षा सुटसुटीत आहे. पण त्यात एक धोकाही आहे. हे चिन्ह कुठे रंगवलेलं नसतं, फक्त आजीला किंवा काकांना ठाऊक असतं. त्यांना विचारायचं राहिलं तर ते त्यांच्याबरोबरच जातं. शहरात हॉलमध्ये लग्न होतं, सगळं सामान भटजीच आणतात आणि ‘आपलं देवक कोणतं?’ या प्रश्नाला घरातली तरुण मंडळी एकमेकांकडे बघतात.

जाता जाता एक सांगते. कळंबाला संस्कृतात कदंब म्हणतात. गोव्यावर पूर्वी राज्य करणारं कदंब घराणं याच झाडाच्या नावाने ओळखलं जाई. त्यांच्या नाण्यांवर मात्र सिंह असे. आज गोव्याच्या सरकारी बसवर ‘कदंब’ हे नाव असतं, ते याच घराण्यामुळे. सावंतवाडी-बांद्याकडच्या मुलांनी या बस पाहिल्याच असतील.

शिक्का आणि मोर्तब

राजेरजवाड्यांचं काम फक्त डहाळीवर भागत नसे. त्यांना हुकूम पाठवायचे असत. हुकूम खरा की खोटा हे ओळखायला हवा शिक्का. जुन्या मराठी पत्रांत शिक्का वरच्या भागात असे आणि मजकूर संपला की शेवटी एक छोटी मुद्रा उमटवत. तिला म्हणायचे मोर्तब. मोर्तब पडलं म्हणजे पत्र संपलं. त्याखाली कुणी लबाडीने एक ओळ जरी घुसवली तरी लगेच पकडता यायची. आपण आजही ‘बाबांनी सहलीवर शिक्कामोर्तब केलं’ असं म्हणतो ना, तो शब्द इथून आला.

शिवाजी महाराजांची मुद्रा तुम्ही चित्रात पाहिली आहे. ती अष्टकोनी आहे. 1646 साली रांझे गावच्या पाटलाला शिक्षा झाली, त्या प्रकरणातल्या पत्रावर ती आहे. महाराज तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचे होते. दहावी-अकरावीच्या वयाचे! त्या काळात आपल्याकडच्या सरदारांचे शिक्के फारसीत असत. शहाजीराजांचा शिक्का फारसीत होता आणि जिजाबाईंचाही. मुलाचा मात्र संस्कृतात. त्यावर काय लिहिलं आहे? ना वाघ, ना तलवार, ना ‘मी अमुक जिंकलं’. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, सगळ्या जगाने वंदन केलेली, शहाजीचा पुत्र शिवाजी याची ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी आहे, असा त्याचा अर्थ. प्रतिपदेची कोर किती बारीक असते! डोळे ताणून बघावी लागते. हातात थोडासा मुलूख असताना ‘मी पौर्णिमेचा चंद्र’ असं म्हणणं सोपं होतं. त्यांनी कोर निवडली. आणि मोर्तबावरच्या शब्दांचा अर्थ होता, ‘इथे मर्यादा शोभते.’

या अष्टकोनाचा आकार तुम्हांला आज समुद्रावर दिसेल. भारतीय नौदलाने 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीला नवा ध्वज घेतला. त्यात निळा अष्टकोन आहे, त्यात नांगर आणि त्यावर सारनाथचे सिंह. हा अष्टकोन महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला आहे.

शिक्क्यात कुणाचं नाव आधी येतं, हेही बघण्यासारखं असतं. पेशव्यांची सत्ता पुढे केवढी वाढली! तरी बाजीराव पेशव्यांच्या शिक्क्यात आधी राजा शाहूंचं नाव आहे, मग त्यांचं. शिक्का वाचला की मालक कोण ते कळायचं.

साहेबाने वाटलेले झेंडे

आता दोन्ही वाटा एकत्र येतात, तो दिवस 1 जानेवारी 1877. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यासाठी दिल्लीला मोठा दरबार भरला. व्हाइसरॉय होता लॉर्ड लिटन. तिथे हिंदुस्थानातल्या राजांना प्रत्येकी एक रेशमी झेंडा देण्यात आला. त्यावर होतं त्या राजाचं, अगदी युरोपातल्यासारखं, ढालीवर काढलेलं कुलचिन्ह! ही चिन्हं तयार करणारा होता रॉबर्ट टेलर नावाचा इंग्रज अधिकारी.

मुलांनो, जरा विचार करा. ज्यांची घराणी शे-दीडशे वर्षं लढत आली होती, राज्य करत आली होती, त्यांना त्यांच्याच घराण्याचं चिन्ह परक्या माणसाने हातात द्यायचं! वर सन्मान म्हणून! शिक्क्याचा नियम आठवा. चिन्ह देणारा मोठा आणि घेणारा त्याच्या खालचा. झेंडा मऊ रेशमाचा होता, पण त्यातली मेख ही अशी होती. त्या दरबाराला बडोद्याचे सयाजीराव गायकवाडही होते, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. दोनच वर्षांपूर्वी ते नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावाहून दत्तक आले होते.

तरीही या संस्थानांच्या राजचिन्हांकडे निरखून बघितलं तर एक मौज दिसते. ढालीचा साचा परका, पण आतल्या गोष्टी घरच्या. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं घ्या. हे घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचं. त्यांच्या चिन्हात नाग आहेत. का? घराण्यातला पूर्वज उन्हात झोपला असता नागाने फणा काढून त्याच्या तोंडावर सावली धरली, अशी कथा आहे. खरी की खोटी हा प्रश्न सोडा. पण त्या घराला आपण मुळात उन्हात जमिनीवर निजणारी माणसं होतो, हे आठवणीत ठेवावंसं वाटलं. इंदूरच्या होळकरांच्या चिन्हात सूर्य, घोडा आणि नंदी आहेत, शिवाय गहू आणि अफूचं रोप! त्यांच्या माळव्याच्या मुलखात ही पिकं निघत. राजचिन्हात पीक, म्हणजे कमालच नाही का?

मला सगळ्यांत आवडतं ते बडोद्याच्या गायकवाडांचं ब्रीद. चारच शब्द, ‘जीन घर जीन तख्त’. जीन म्हणजे घोड्यावरचं खोगीर. खोगीर हेच आमचं घर, खोगीर हेच आमचं सिंहासन. पुढे या घराण्याने बडोद्याला लक्ष्मीविलाससारखा प्रचंड राजवाडा बांधला. तरी ब्रीद खोगिराचंच राहिलं.

रत्नागिरीचा मोर

आमच्या गावात एक राजा राहून गेला. ब्रह्मदेशचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा राजा थिबा. 1885 साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि 1886 साली त्याला कुटुंबासह रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा 1910 साली पुरा झाला. तोच आपला थिबा पॅलेस. आज तिथे संग्रहालय आहे. 1916 च्या डिसेंबरात राजा इथेच वारला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. तीस वर्षं तो इथे होता, पण एकदाही परत जाऊ शकला नाही.

त्याच्या घराण्याची खूण होती मोर. ते राजे स्वतःला सूर्यवंशी मानत आणि त्यांच्याकडे मोर हे सूर्याचं प्रतीक. थिबाचे वडील मिंदोन यांच्या चांदीच्या नाण्यांवर पिसारा फुलवलेला मोर आहे. राजा गेला, तख्त गेलं. मग मोराचं काय झालं? तो मेला नाही. 1930 नंतरच्या काळात रंगूनच्या विद्यार्थ्यांनी आपल्या झेंड्यावर मोर घेतला. पण तो कसा? पिसारा फुलवून नाचणारा नव्हे, तर मान पुढे काढून चाल करून जाणारा, झुंजीचा मोर. इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत तो फडकला. आणि 1988 साली तिथे लोकशाहीसाठी जो पक्ष निघाला त्याच्याही झेंड्यावर झुंजीचा मोर होता. राजाच्या नाण्यावरचा पक्षी कॉलेजच्या मुलांच्या हातात आला आणि त्याची उभं राहण्याची ढबच बदलली!

थिबा पॅलेसला सहलीला गेलात की कोकणी खाडीवरच्या त्या वाड्यात उभं राहून हे जरूर आठवा. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर रानात मोर ओरडतात. राजानेही ते ऐकले असतील.

आता तुमची पाळी

मी शिकवते त्या शाळेत चौथीच्या वर्गाला मी सांगितलं, ‘आपापल्या घराचं चिन्ह काढून आणा.’ दुसऱ्या दिवशी काय आलं असेल? सिंह! वर्गात निम्मे सिंह, चार वाघ आणि तलवारींचा तर ढीग. मी एकाला विचारलं, ‘का रे, तुझ्या घरी सिंहाचा काय संबंध?’ तो म्हणाला, ‘बाई, दिसायला बरा दिसतो.’ उत्तर प्रामाणिक होतं, पण चालणार नव्हतं. मग मी तीन अटी घातल्या. पहिली, वर्गाच्या मागच्या भिंतीवर लावलं तर फळ्याजवळून ओळखता आलं पाहिजे. दुसरी, तीनच्या वर रंग नकोत. तिसरी अट अशी, की जे काढाल त्याची तुमच्या घरातली खरी गोष्ट सांगता आली पाहिजे.

तिसऱ्या अटीने सगळे घरी जाऊन बोलू लागले. मिरकरवाड्याकडच्या एका मुलीने जाळं विणायची सुई आणली, निळ्यावर पांढरी. ती तिच्या आजोबांची होती. बागेची राखण करायला नेपाळहून आलेल्या कुटुंबातला एक मुलगा आहे. त्याने काळ्या कागदावर पिवळी बॅटरी काढली, उजेडाचा झोत तेवढा मोठा. मागच्या भिंतीवर सगळ्यांत लांबून दिसलं ते त्याचंच.

एक मुलगा मात्र दोन दिवस कोरा कागद घेऊन बसला होता. त्याचे वडील चिरेखाणीवर आहेत. तो हळूच म्हणाला, ‘बाई, आमच्यात कोण मोठं झालंच नाही. काय काढू?’ मी त्याला खिडकीजवळ नेलं. आमच्या शाळेची भिंत चिऱ्याची. समोरचं घर चिऱ्याचं, देवळाची पायरी चिऱ्याची, विहीर चिऱ्याची. मी काहीच बोलले नाही. तो बराच वेळ बघत राहिला. मग जागेवर जाऊन त्याने एक मोठा आयत काढला आणि माझ्याकडे आला. ‘बाई, रंग कोणता देऊ? खाणीतून काढतात तेव्हा चिरा वेगळा दिसतो. मऊ पण असतो. हवेवर राहिला की कडक होतो. आणि पावसाळे झाले की काळा पडतो.’ आम्हां सगळ्यांना त्या दिवशी चिऱ्याची माहिती त्यानेच दिली. शेवटी त्याने ताज्या चिऱ्याचा तांबडा रंग घेतला.

तुम्हीही काढा. फक्त एक गोष्ट सांभाळा. सारनाथचे सिंह हे भारताचं राजचिन्ह आहे. ते आपल्या खासगी चित्रात घ्यायचे नाहीत. त्यासाठी 2005 साली कायदाच झालेला आहे.

आणि गोष्ट कुठून शोधायची, असं विचाराल तर माळ्यावरून सुरुवात करा. जुना तांब्याचा हंडा, कळशी, घंगाळ, काही तरी असेलच. ते पालथं घाला, काठ बघा. टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव दिसेल. पूर्वी भांडी घेतली की दुकानाबाहेर बसलेल्या माणसाकडून छिन्नीने नाव घालून घेत. ‘चि. सौ. कां.’ असं असेल तर ते चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे कुणा नवरीला लग्नात दिलेलं भांडं. ‘स्मरणार्थ’ असेल तर कुणाच्या तरी आठवणीत वाटलेलं. तारीखही असते, गावाचं नाव असतं, कधी आज तुमच्या घरात कुणीच घेत नाही असं एखादं नाव असतं. ते कोण, हे आजीला विचारा. अक्षरं आधी कागदावर उतरवून घ्या बरं का. आमसुलाने, चिंचेने घासून घासून ती पुसट होत चाललेली असतात.